एकशे एकेचाळिसाव्या फेरीआधी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑनलाइन खेळातल्या त्याच बॉसला, म्हणजे त्या बलाढ्य शत्रूला, १४० वेळा पाडलंस, तरी त्याच्याकडून ती दुर्मीळ तलवार एकदाही पडली नाही. गिल्डमध्ये, तुमच्या खेळाडूंच्या गटात, कालपरवा आलेल्या पोराला मात्र तिसऱ्याच फेरीत मिळाली. ‘हा खेळ माझ्यावर डूख धरून आहे,’ असं तू लिहिलंयस. तुझा राग मला कळतो. मीही एका खेळात एका घोड्यासाठी दीड वर्ष दर आठवड्याला त्याच गुहेत उतरत होते. तो घोडा मला कधीच मिळाला नाही.

आधी गणित बघू. ड्रॉप रेट, म्हणजे दर फेरीला ती वस्तू पडण्याची शक्यता, एक टक्का असली म्हणून शंभर फेऱ्यांत एकदा नक्की मिळेल, असं नसतं. शंभर जणांनी प्रत्येकी शंभर फेऱ्या मारल्या, तर त्यातले सुमारे ३७ जण कोरडेच राहतात. १४० फेऱ्यांनंतरही साधारण चारांतला एक तसाच. तेव्हा डूख वगैरे काही नाही, तुझ्यासारखे पुष्कळ आहेत. खरी टोचणारी गोष्ट पुढेच आहे: तुझ्या त्या १४० फेऱ्या कुठेही जमा झालेल्या नाहीत. १४१व्या फेरीलाही शक्यता तीच, एक टक्का. अभ्यासात, तालमीत मेहनत साठत जाते. त्याच सवयीने आपण इथेही हिशेब मांडतो आणि ‘आता तरी मिळायलाच हवी’ म्हणून हटून बसतो. फाशाला मागचं काही आठवत नाही.

काही खेळ मात्र रिकाम्या गेलेल्या प्रयत्नांची मोजदाद ठेवतात आणि ठरावीक आकड्याला बक्षीस देतातच. खेळाडू त्याला ‘पिटी’ म्हणतात. गेन्शिन इम्पॅक्ट या खेळात पंचतारांकित, म्हणजे सर्वांत दुर्मीळ, पात्र मिळण्याचा मूळ दर ०.६ टक्के आहे, पण ९०व्या ओढीपर्यंत, म्हणजे प्रयत्नापर्यंत, पंचतारांकित काहीतरी हाती येतंच. तुझ्या खेळात अशी मोजणी आहे का, ते आधी शोध. पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांमधून कुठली वस्तू निघण्याची शक्यता किती, हे दर बहुधा खेळातच कुठेतरी लिहिलेले सापडतील. चीनने २०१७ पासून ते जाहीर करणं सक्तीचं केलं आणि त्याच वर्षाअखेर ॲपलनेही आपल्या ॲप स्टोअरसाठी तसाच नियम आणला. मोजणी नसेल, तर कितीही फेऱ्या मारल्यास तरी तू तलवारीच्या एक पाऊलही जवळ जात नाहीस. मला हे अन्यायाचं वाटतं. इतकं दुर्मीळ बक्षीस ठेवायचं तर प्रत्येक फेरीला थोडी टोकन द्यावीत आणि पुरेशी साठली की वस्तू घेऊ द्यावी. बरेच खेळ हे करतात. बाकीच्यांनीही करायला हवं.

आणि आपण उठत का नाही, तेही सांगते. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ठरावीक टोचांनंतर दाणा मिळणारं कबूतर दाणा खाऊन जरा थांबायचं. दाणा कितव्या टोचेला येईल याचा नेम नसला, की ते जवळजवळ न थांबता टोचत राहायचं. हे वाचलं तेव्हा मला माझी गुहा आठवली आणि वाईट वाटलं. ज्याला मी माझी चिकाटी म्हणत होते, ती मोठ्या प्रमाणात त्या मांडणीने माझ्याकडून करवून घेतलेली होती.

मी थांबले त्या रात्री खेळाचा आवाज बंद होता, कानात दुसरंच काही चालू होतं आणि बोटं आपली आपण चालत होती. बॉस मेला हेही मला उशिरा कळलं. तेव्हा स्वतःला विचारलं: घोडा पडणारच नाही असं आधीच कळलं असतं, तर ही फेरी खेळले असते का? उत्तर यायला क्षणही लागला नाही.

हाच प्रश्न तूही विचार. उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल खेळ, पण लॉगिन करण्याआधी फेऱ्यांचा आकडा कागदावर लिही. बसल्यावर ठरवलेला आकडा वाढतच जातो. आणि रात्री उशिरा, चिडलेलं असताना पेट्या विकत घेऊ नकोस. एवढं माझं ऐकच. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतल्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं, ते उगाच नव्हे.

आणखी एक. तुझ्या पत्राची तीन पानं तलवारीवर आहेत. मधे दोनच ओळी अशा आहेत, की त्या बॉसचा शेवटचा वार तुमच्यातलं कुणीच चुकवू शकत नव्हतं आणि तू त्याच्या डाव्या खांद्याची हालचाल पकडून सगळ्यांना वाचवलंस. ते कसं जमलं? पुढच्या पत्रात नीट, सविस्तर लिही.

तुझी,
ताई