शेक चालू असताना ‘ठीक आहे’ म्हणून गप्प बसू नका

यावेळी चार पत्रं एकाच विषयाची निघाली. ऑपरेशनच्या आधी केमो आणि रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो ते, एकत्र चालू आहे आणि त्रास निभवायचा कसा, असं सगळ्यांनीच विचारलंय, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. मी नर्स आहे, डॉक्टर नाही, पण रेडिएशन विभागात बरीच वर्षं गेलीयत. औषधाचा डोस ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचा.

प्रश्न: ताई, माझ्या मिस्टरांना गुदाशयाचा कॅन्सर आहे. आधी २८ शेक आणि सोबत सकाळ-संध्याकाळ केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन, असं ठरलंय. १५ शेक झालेत. पहिले दोन आठवडे काहीच वाटलं नाही, आता दिवसातून आठ-नऊ वेळा संडासला जावं लागतंय, रात्री पण दोनदा उठतात, खालची कातडी झोंबते, तळपाय लाल झालेत. ते म्हणतात डॉक्टरांना सांगू नकोस, शेक बंद करतील. परवापासून संध्याकाळची गोळी गुपचूप टाळतायत, हे मला पाकीट मोजल्यावर कळलं.

उत्तर: ताई, तुम्हाला तर पत्र आलं त्याच दिवशी कळवलंय, आता बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितेय. केमोच्या गोळ्या चालू असताना नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब व्हायला लागले, किंवा रात्री झोपेतून उठावं लागलं, की आठवड्याच्या तपासणीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा आणि पुढची गोळी घ्यायच्या आधी विचारायचं. ही गोळी बहुतेक करून केपेसिटाबीन असते, तिचं शरीरात फाइव्ह-एफयू हे औषध होतं आणि ते भरभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतं, आतड्याचं आतलं अस्तर पण तसंच भरभर वाढणारं, त्यात शेक पण तिथेच, म्हणून पोट असं बिघडतं. त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, त्यामुळे तुमच्याकडे जे झालंय ते वेळापत्रकाप्रमाणेच झालंय. पण अपेक्षित आहे म्हणजे सोसायचं असं नाही.

गोळी टाळली म्हणून त्यांच्यावर रागावू नका, जीव नकोसा झाल्यावर माणूस असंच करतो. पण होतं काय, डॉक्टरांच्या कागदावर पेशंट पूर्ण डोस घेतोय आणि त्याला काही त्रास नाही असं दिसतं, मग ते डोस तसाच ठेवतात. सांगितलं असतं तर बहुतेक वेळा गोळ्या तेवढ्या काही दिवस थांबवतात, जुलाबाचं औषध देतात, अंगातलं पाणी भरून काढतात, आणि बरं वाटल्यावर कमी डोसने पुन्हा सुरू करतात. शेक शक्यतो चालूच राहतो. शेक बंद पडायची वेळ मी बघितलीय ती न सांगणाऱ्यांवरच जास्त, कारण मग माणूस कोरडा पडून थेट ॲडमिट होतो. आणि टाळलेली गोळी भरून काढायला पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

एक काका होते. तपासणीला दर वेळी एकच उत्तर, ‘ठीक आहे सिस्टर.’ चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बाहेर खुर्च्या रिकाम्या असताना हे तासभर भिंतीला टेकून उभे असतात. आत नेलं, पडदा ओढला, बघते तर दोन्ही बाजूंची कातडी सोललेली आणि त्यावर टिश्यू पेपर चिकटून वाळलेला. तो भिजवून भिजवून काढायला मला वीस मिनिटं लागली आणि ते उशी दातात धरून पडून होते. लाज वाटते म्हणून आठवडाभर घरी पण सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी ‘कसं वाटतंय’ विचारतच नाही, ‘काल किती वेळा गेलात, रात्री किती वेळा उठलात, बसता येतंय का’ असंच विचारते. तुम्ही पण एका वहीत रोज एवढंच लिहा, किती वेळा, रक्त दिसलं का, ताप किती, किती पाणी गेलं, आणि ती वही डॉक्टरांच्या समोर ठेवा, म्हणजे त्यांना तोंडाने काही सांगायलाच लागणार नाही.

कातडीसाठी कागद पूर्ण बंद, फक्त पाणी. टबमध्ये कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसायचं, मग मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. सुती सैल कपडे. तिथे रेझर नको, चिकटपट्टी नको, वासाचा साबण नको, आणि कुणी सांगितलं म्हणून पावडर, तेल, लेप काही लावू नका. डॉक्टरांनी दिलेलं मलम पण शेकच्या अगदी आधी जाड थापायचं नाही. टेक्निशियनने काढलेल्या शाईच्या खुणा पुसू नका, त्यांच्यावरच रोजचा नेम धरतात. शेकच्या आधी पाणी पिऊन लघवी धरायला सांगतात ती पण उगाच नाही, भरलेल्या पिशवीमुळे छोटं आतडं वर सरकतं आणि शेकच्या वाटेतून बाजूला होतं. लघवीला जळजळ होऊन धरवतच नसेल तर टेक्निशियनला सांगा, गुपचूप जाऊन येऊ नका.

पाणी थोडं थोडं, सारखं. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा, चहाचाच. दूध, तळलेलं, तिखट, साली-बियांचं काही दिवस बंद. जुलाब थांबवायची लोपेरामाइड डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, कारण ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर आधी कारण शोधावं लागतं.

तळपाय लाल होतात तेही याच गोळ्यांमुळे, हातापायाला साधं मॉइश्चरायझर किंवा युरिया असलेलं क्रीम, गरम पाणी आणि घट्ट बूट टाळा. बी-सिक्स गोळ्यांनी थांबतं असं खूप जण सांगतात, पण अभ्यासांमध्ये त्याचा फायदा दिसलेला नाही. २०२४ मध्ये छापून आलेल्या दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासात दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक जेल सुरुवातीपासून लावलेल्यांपैकी बऱ्याच कमी जणांना हा त्रास झाला, तुमच्यासाठी चालेल का ते डॉक्टरांना विचारा. कातडी सोलायला लागली किंवा चालताना दुखायला लागलं तर तोही फोन करायचाच त्रास समजा. रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल तर ते आधीच सांगा, केपेसिटाबीनमुळे त्यांचा परिणाम वाढतो.

आणि ताप. थर्मामीटरमध्ये १००.४ म्हणजे ३८ डिग्री दिसलं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू, हे करू नका. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतील तर सकाळपर्यंत फार उशीर होऊ शकतो.

प्रश्न: बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, २३ शेक आणि दर आठवड्याला सलाईनमधून केमो. आता पाणी गिळताना पण डोळ्यात पाणी येतं. वजन चार किलो उतरलंय. डॉक्टर जेवणासाठी नळी घालू म्हणतात, बाबा म्हणतात नळी लागली म्हणजे संपलं. सांगू कसं त्यांना?

उत्तर: त्यांना सांग की नळी ऑपरेशनपर्यंत पोचण्यासाठी आहे. नाकातून असो नाहीतर पोटावरून, पुष्कळ जणांची नंतर काढून टाकतात. शेकमुळे अन्ननलिकेला आतून भाजल्यासारखं झालंय, ते शेक संपल्यावर काही आठवड्यांत भरून येतं, पण तोपर्यंत पोटात काही जायला तर हवं ना! वजन उतरत गेलं तर पुढे मोठ्या ऑपरेशनची जखम भरायला अंगात काय राहणार. मला विचारशील तर आज नळीला हो म्हणणं हे उद्या अशक्तपणामुळे ऑपरेशन पुढे ढकलण्यापेक्षा कितीतरी बरं.

तोंडाने जेवढं जातंय तेवढं चालू ठेव. जेवणाच्या आधी घ्यायचं बधिर करणारं पातळ औषध आणि दुखण्याचं औषध मागून घे, आणि ते दुखायला लागल्यावर नाही, ठरलेल्या वेळेला दे. मऊ, पातळ, ना गरम ना गार. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, बसवून, आणि नंतर अर्धा-एक तास आडवं होऊ द्यायचं नाही. नुसतं पाणी पाजून पोट भरू नकोस, प्रत्येक घोटात काहीतरी ताकद जाऊ दे, डाएटिशियनकडून प्रोटीनचं पेय लिहून घे. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. उलटीची गोळी उलटी व्हायच्या आधी असते, आणि ऑन्डॅन्सेट्रॉनने पोट गच्च होतं हेही लक्षात ठेव, नाहीतर भूक लागत नाही त्याचं कारणच कळत नाही.

त्यांना अजून एक सांग. हीच पद्धत, २३ शेक आणि आठवड्याची केमो, नेदरलँड्समधल्या मोठ्या अभ्यासात वापरली होती, २०१२ मध्ये तो छापून आला. नुसत्या ऑपरेशनपेक्षा आधी हे घेतलेले पेशंट जास्त जगले, आणि हे घेऊन ऑपरेशन झालेल्या १०० पैकी २९ जणांच्या काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर पेशी सापडलीच नाही. गिळताना होणारा त्रास ज्याच्यासाठी चाललाय ते हे आहे.

सिगारेट चालू असेल तर आजच बंद. रोज थोडं चालवत राहा, घरातल्या घरात का होईना. या थकव्यावर नुसतं पडून राहणं हा उपाय नाही, हलका व्यायामच उपयोगी पडतो.

प्रश्न: माझे शेक संपून दहा दिवस झाले, गुदाशयाचाच कॅन्सर. त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. आणि ऑपरेशन आठ आठवड्यांनी म्हणतात, मधल्या काळात गाठ वाढणार नाही का?

उत्तर: शेक संपल्यावर पण आठ-पंधरा दिवस त्रास वाढू शकतो, मग हळूहळू उतरतो, त्यामुळे लगेच काहीतरी बिघडलंय असं धरू नका. पण शेक संपले म्हणजे फोन नंबर पण संपला असं नाही, ताप, रक्त, जुलाब यांचे नियम तेच.

गाठीचं म्हणाल तर शेकचं काम मशीन बंद झाल्यावर पण चालू असतं, गाठ नंतरही कित्येक आठवडे आकसत राहते, म्हणून तर साधारण सहा ते बारा आठवडे थांबतात. आतड्याची सूज पण तोवर उतरते. शेक आधी का, तर जर्मनीतल्या २००४ च्या अभ्यासात शेक-केमो ऑपरेशनच्या आधी दिल्यावर पाच वर्षांत त्याच जागी कॅन्सर परत आला ६ टक्के लोकांना आणि नंतर दिल्यावर १३ टक्के, शिवाय गंभीर त्रास पण आधी दिलेल्यांना कमी झाला. ऑपरेशनच्या आधी पुन्हा एमआरआय करतात. काही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशीच होते, अशांपैकी निवडक पेशंटना ऑपरेशन न करता बारीक लक्ष ठेवता येतं, ब्राझीलच्या सर्जन अँजेलिटा हाब्र-गामा यांनी ही वाट दाखवली. पण त्यातल्या साधारण चौघांत एकाची गाठ परत उगवते, बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, म्हणून तो निर्णय फक्त सगळ्या तपासण्या न चुकवता करणाऱ्यांसाठी आहे. हे आठ आठवडे चालणं, प्रोटीन आणि श्वासाचे व्यायाम यात घालवा.

प्रश्न: बाहेरून शेक आणि केमोच्या गोळ्या चालू आहेत. चार वर्षांच्या नातीला मांडीवर घेतलं तर तिला रेडिएशन लागेल का? सून काही बोलत नाही, पण मीच लांब बसते.

उत्तर: नाही लागत हो आजी. बाहेरून दिलेला शेक अंगात साठत नाही, मशीन बंद झालं की संपलं. गोळ्यांच्या पाकिटाला मात्र तिचा हात लागू देऊ नका, आणि केमोचं औषध लघवी-संडासातून बाहेर पडतं म्हणून झाकण लावून फ्लश करा, हात साबणाने धुवा, उलटी कुणी साफ केली तर ग्लोव्हज घालून. तिला सर्दी-ताप असेल तेवढे दिवस लांब राहा, तेही तिच्यासाठी नाही, तुमच्या पेशी कमी असतात म्हणून. बाकी दिवस खुशाल घ्या मांडीवर, फक्त खाली झोंबत असेल तर आधी एक मऊ उशी घ्या.