१२८ जीबीचा आयफोन घ्यावा की तेवढ्याच पैशांत २५६ जीबीचा अँड्रॉइड? स्टोरेज, क्लाउड आणि मार्केट शेअर यांत कोण सरस?

मार्केट शेअरचा मुद्दा आधी निकालात काढतो. भारतात वापरातल्या शंभर फोनांपैकी साधारण ९५ अँड्रॉइडचे, अमेरिकेत मात्र निम्म्याहून जास्त आयफोन. बातम्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण कुणी वापरातले फोन मोजतं तर कुणी त्या तिमाहीत विक्रीला गेलेले. अमेरिकेत आयमेसेजमुळे (ॲपलची स्वतःची संदेशसेवा) त्या टक्क्यांना वजन आहे. आपल्याकडे सगळा कारभार व्हॉट्सॲपवर, तेव्हा शेजाऱ्याकडे कोणता फोन आहे याने तुमचं काही अडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनसारखं यांपैकी एखादं मध्येच बंद पडेल, ही भीतीही नको.

खरा प्रश्न स्टोरेजचा. आयफोनला मेमरी कार्ड कधीच नव्हतं, आणि महागड्या अँड्रॉइडमधूनही ते गेलं (सॅमसंगच्या एस मालिकेत २०२१ च्या एस२१ पासून). कार्डाची सोय असलेला फोन घेतलात तरी त्यावर फोटो-व्हिडिओच ठेवा, ॲप्स नकोत. शिवाय स्वस्तातली बनावट कार्डं १२८ जीबी दाखवतात, आत असतात १६ किंवा ३२. तेवढी भरली की पुढच्या फाइल्स खराब होतात आणि ते कळतं फोटो उघडायला गेल्यावर.

हिशोब व्हिडिओवरून करा. आयफोनवर ४के (अतिस्पष्ट), सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला सुमारे १७० एमबी खातो, १०८०पी (फुल एचडी) केला तर ६०. आयक्लाउडचे (ॲपलची ऑनलाइन साठवण) फुकटचे ५ जीबी म्हणजे अर्ध्या तासाचं ४के चित्रण. गूगल १५ जीबी देतं, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही २०२४ पासून त्यातच धरतात. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. कोटा भरला की गूगलवर नवे ईमेल येणंच थांबतं, आयक्लाउडवर बॅकअप थांबतो. दुसरं जास्त वाईट, कारण फोन हरवेपर्यंत ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

घोटाळा होतो तो डिलीट करण्यात. आयक्लाउड फोटोज म्हणजे बॅकअप नव्हे, सिंक. फोनवरून फोटो डिलीट केलात की क्लाउडमधून आणि आयपॅडवरूनही जातो. ३० दिवस ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये राहतो, मग संपलं. जागा हवी असेल तर फोटो पुसू नका. सेटिंग्जमध्ये वर तुमच्या नावावर जा, आयक्लाउड, मग फोटोज, आणि ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू करा. मूळ फोटो क्लाउडमध्ये, फोनवर लहान प्रत. गूगल फोटोजमध्ये यासाठी ‘फ्री अप स्पेस’ आहे: बॅकअप झालेल्यांचीच फोनमधली प्रत ते काढतं. पण त्याच ॲपमध्ये नेहमीचा डिलीट दाबलात तर दोन्हीकडून जातो (बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो). ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलंत तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो आणि १०८०पीवरचे व्हिडिओ लहान केले जातात. छापण्यासाठी फोटो काढत असाल तर ‘ओरिजिनल क्वालिटी’च ठेवा.

पैसे भरायचेच असतील तर आयक्लाउड प्लसचे ५० जीबी महिना ७५ रुपयांना, गूगल वनचे १०० जीबी १३० रुपयांना. दोन्ही घरातल्या आणखी पाच जणांत वाटता येतात आणि कुणाचे फोटो कुणाला दिसत नाहीत. घरात दोन्ही प्रकारचे फोन असतील तर माझं मत गूगलच्या बाजूने, कारण त्याचं ॲप आयफोनवरही नीट चालतं, तर अँड्रॉइडवर आयक्लाउड ब्राउझरमधूनच उघडावं लागतं. फक्त आयफोनवर गूगल फोटोज अधूनमधून उघडून ठेवा, पार्श्वभूमीत अपलोड रेंगाळतं.

तेव्हा चार-पाच वर्षं वापरायचा असेल आणि व्हिडिओ काढत असाल, तर २५६ जीबीचा घ्या, कुठल्याही बाजूचा. १२८चा आयफोनच हवा असेल तर क्लाउडचा मासिक खर्च किमतीत धरूनच तुलना करा.

आणि आता अँड्रॉइड वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा: ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोनवर उघडत नाही. चॅट न्यायचे तर नवा आयफोन पहिल्यांदा सेट करतानाच ‘मूव्ह टू आयओएस’ ॲपमधून न्यावे लागतात. सेटअप उरकून बसलात तर आयफोन रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून.