दिवसा झोप जास्त येते हे मोजायचं कसं?

तुम्ही विचारलंय की रात्री सात तास झोपूनही ऑफिसात डुलक्या येतात, तर हा आळस की आजार, आणि हे मोजता येतं का. येतं मोजता, एक कागद भरून स्वतःला मार्क द्यायचे असतात. फक्त एक आधीच सांगतो, ते मार्क एकट्याने टाकू नका, घरच्यांना शेजारी बसवा. माझं तिथंच फसलं होतं.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. लूमचा खडखडाट एवढा की शेजारच्याशी पण ओरडून बोलायचं, आणि मी त्यात बसल्या बसल्या झोपायचो, बिलबुकावर पेनाची रेघ पार खालपर्यंत गेलेली असायची. भाकरी जास्त झाली, ऊन लई आहे, वय झालं, असं करत दोन वर्षं काढली. मग एकदा एसटीने मोहोळला निघालो आणि जाग आली थेट टेंभुर्णीला.

डॉक्टरांनी एक कागद दिला, एपवर्थ स्केल. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली मांडलेलं. आठ प्रसंग असतात: बसून वाचताना, टीव्ही बघताना, सभेत वगैरे नुसतं बसल्यावर, तासभर गाडीत मागे बसल्यावर, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, जेवून शांत बसल्यावर (घेतलेली नसताना हां), आणि गाडी ट्रॅफिकमध्ये दोन-चार मिनिटं थांबल्यावर. प्रत्येक वेळी डोळा लागायची शक्यता किती, त्याला ० ते ३ मार्क, एकूण २४. दहापर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं तर डॉक्टर गाठा. यात थकवा मोजायचा नाही बरं का, अंग गळून जाणं वेगळं आणि डोळा लागणं वेगळं.

मी भरला, ८ आले. खूश. बायकोने कागद ओढून घेतला, "बोलताना शून्य? अहो परवा माझ्या भावाशी बोलता बोलता मान टाकलीत की!" तिच्या हिशेबाने १५. माणूस खोटं बोलतो असं नाही, झोपलेलं त्याला स्वतःला कळतच नाही.

आणि मार्क कमी आले म्हणजे सुटलो असंही नाही, स्केल फक्त झोप किती येते ते सांगतं, का येते ते नाही. डॉक्टरांनी दोन आठवडे झोपायच्या-उठायच्या वेळा लिहायला लावल्या, थायरॉईड, हिमोग्लोबिन बघितलं, सर्दीची गोळी रोज घेता का तेही विचारलं (सेटिरिझिनने पण काहींना गुंगी येते). मी घोरतो म्हटल्यावर स्लीप स्टडी. रात्रभर डोक्याला, छातीला वायरी लावून झोपायचं. तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडकत होता, ३० च्या वर म्हणजे सिव्हिअर स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास अडकण्याचा आजार. म्हणजे सात तास झोप नुसती घड्याळात होती.

रात्रीची टेस्ट नीट येऊनही दिवसा झोप येत असेल तर दुसऱ्या दिवशी एमएसएलटी नावाची दिवसाच्या झोपेची टेस्ट करतात. दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत २० मिनिटं झोपायला देतात, असं चार-पाच वेळा, आणि किती मिनिटांत झोप लागली त्याची सरासरी काढतात. ८ मिनिटं किंवा कमी आली तर गडबड. मला ती लागली नाही.

तुमचं निदान होईपर्यंत हायवेला स्वतः गाडी चालवू नका, एवढं ऐका.

मी आता रात्री सीपॅप मशीन लावतो (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं ते), पहिले पंधरा दिवस मास्कने जीव नको केला. परवा बायकोनेच परत कागद भरला, ६ आले. त्यातले ३ दुपारी आडवं होण्याचे, ते मे महिन्यात सोलापुरात कुणाचे कमी येणार ओ.