बाळंतपणानंतरचं पोट आणि लेझर

प्रश्न : वय ४२. दुसऱ्या बाळंतपणानंतर ओटीपोट सुटलं ते सुटलंच. लेझरने चरबी वितळवून घ्यावी का? टाके नाहीत, भूल नाही असं सांगतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी उताणं झोपा, गुडघे दुमडा आणि मान उचला. बेंबीपाशी मधोमध बोटं आत जात असतील किंवा फुगवटा येत असेल, तर पोटाचे स्नायू फाकलेत. तिथे लेझरचे पैसे वाया. फिजिओथेरपिस्टकडे जा, हर्निया असेल तर सर्जनकडे. आतड्यांभोवतीच्या चरबीलाही लेझर पोचत नाही. चिमटीत येते तेवढीच त्याच्या आवाक्यात.

बिनटाक्याच्या प्रकारात १०६० नॅनोमीटर लेझरचे पॅड पोटावर बांधतात. साधारण २५ मिनिटांत चरबी ४२ ते ४७ अंशांपर्यंत तापते, त्वचा मात्र गार ठेवतात. मेलेल्या पेशींचा निचरा शरीर सावकाश करतं, म्हणून फरक ६ ते १२ आठवड्यांनी दिसतो, तोही माफक. वजनकाटा हलत नाही. जागा काही दिवस दुखते, क्वचित गाठी राहतात.

दुसऱ्या प्रकारात जागा बधिर करून बारीक छेदातून लेझरची तार आत घालतात आणि पातळ झालेली चरबी बहुधा ओढून काढतात. फरक जास्त, पण ही शस्त्रक्रियाच, ब्यूटी पार्लरचं काम नव्हे! तार एका जागी रेंगाळली की त्वचा आतून भाजते. नंतर काही आठवडे घट्ट पट्टा लागतो.

पॅकेजचे पैसे भरण्याआधी विचारा : यातला प्रकार कोणता, आणि करणारे प्लास्टिक सर्जन आहेत की त्वचारोगतज्ज्ञ?