लाकडी पॅनेलची बुरशी आणि वनस्पतिजन्य तेले

प्रश्न : आमच्या घरात भिंतीला लावलेल्या प्लायवूडच्या पॅनेलना पावसाळ्यात मागून बुरशी येते. रासायनिक औषधाऐवजी कडुलिंबाचे किंवा काजूच्या टरफलांचे तेल लावले तर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालेल, पण मर्यादेत. काजूच्या टरफलांच्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल यांसारखी फिनॉल वर्गातील द्रव्ये असल्यामुळे ते बुरशीला रोखते; पश्चिम किनाऱ्यावर होड्यांच्या लाकडालाही ते परंपरेने लावले जाते. मात्र त्याने कातडीवर फोड येतात आणि लाकूड काळवंडते, म्हणून हातमोजे घालून ते पॅनेलच्या मागच्या बाजूला आणि कापलेल्या कडांनाच लावावे. प्लायवूड सर्वाधिक पाणी कडांतूनच शोषते, आणि आपले सुतार नेमक्या त्याच कोऱ्या सोडतात! कडुलिंबाचे तेल हाताळायला सोपे आहे, परंतु ते लाकडाशी पक्के बांधले जात नसल्याने पुन्हा पुन्हा लावावे लागते. जवसाचे तेल पाणी थोपवते, बुरशी मारत नाही.

खरा उपाय ओलाव्यावर हवा. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी सहसा मूळ धरत नाही. म्हणून आधी भिंतीची गळती थांबवावी आणि पॅनेल पट्ट्यांवर बसवून मागे हवा खेळती ठेवावी. जो भाग बोटाने दाबल्यावर मऊ लागतो, तो कापून बदलावा. कुजलेल्या लाकडाला कोणतेही तेल पुन्हा बळ देत नाही.