लिखाणाला मार्कशीट नसते

प्रश्न : मी औसा तालुक्यातली. लातूरला राहून दोन वर्षं नीटची तयारी केली, पण नंबर लागला नाही. आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी गावाकडचं काहीबाही लिहायला लागले. सहा-सात महिने दर आठवड्याला लिहून मैत्रिणींना, भावंडांना, अशा नऊ जणांना वाचायला दिलं. मग दादा म्हणाला, "कोण वाचतंय गं तुझं?" त्यानंतर कसाबसा एक लेख लिहिला, आता वही उघडवत नाही. आमची बोलीही गावंढळ वाटते. पप्पा म्हणतात, एमपीएससी कर. आत्मविश्वास कुठून आणू?

उत्तर : लेकी, सोबत पाठवलेले दोन्ही लेख वाचले. येळवशीवरचा, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात होणाऱ्या सणावरचा, दोनदा वाचला. कडब्याची कोप (खोपटं), भज्जीचा वास, डोक्यावर अंबिलाचा बिंदगा (मडकं) घेऊन बांधावरून चालणारी आजी, सगळं दिसलं. 'यशाची गुरुकिल्ली' मात्र अर्ध्यावर सोडला. तो कुणीही लिहिला असता. वहीवरची तारीख पाहिली, तर तो दादाच्या बोलण्यानंतरचा निघाला. म्हणजे दादानं तुझं लिखाण थांबवायच्या आधी ते बिघडवलं. लोकांना आवडेल असं लिहायला गेलीस आणि तुला ठाऊक असलेलं बाजूला राहिलं.

तू दोन वर्षं लातूर पॅटर्नमध्ये काढलीस. चाचणी, निकाल, रँक, पुन्हा चाचणी. आपण कुठे आहोत ते तिथे भिंतीवरचा कागद सांगतो. त्याची सवय झाली, की कागद नसला तर पोरांना आपण कुठेच नाही असं वाटतं. (डॉक्टर झालेल्यांनाही वाटतं, सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात.) लिखाणाचा निकाल कुणी लावत नाही, म्हणून तू वाचणारी माणसं मोजायला लागलीस. नऊ जण वाचतात, म्हणजे नऊ मार्क!

त्या पॅटर्नमधली एक गोष्ट मात्र उचल. मन लागो न लागो, ठरल्या वेळी पेपर सोडवायला बसायचीसच ना? उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते शोधायचीस. तेव्हा आधी आत्मविश्वास आणि मग पेपर, असा क्रम नव्हता. आताही आठवड्याचा एक वार धर. तुमच्या गावच्या बाजाराचाच धर, लक्षात राहील. तासभर बस, तीनशे शब्द लिही. जमलं नाही तर न जमलेले तीनशे लिही. दुसऱ्या दिवशी ते आजीला मोठ्यानं वाचून दाखव. जिथे ती "आसं नव्हतं बाई" म्हणेल तिथे दुरुस्ती, जिथे तुझीच जीभ अडखळेल तिथे वाक्य मोड. दोन महिने आजीखेरीज कुणाला दाखवू नकोस. दादाला तर नाहीच.

बोलीचं म्हणशील, तर शेजारच्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांचं नाव घेतात. त्या भागातल्या पोरीनं मराठी गावंढळ म्हणून लाजावं, हे मला पटत नाही. बिंदगा, पऱ्हाटी, तुराटी, इर्जिक हे शब्द खोडून 'प्रमाण' करत बसू नकोस. पण अशुद्ध लिहिण्यासाठी बोलीची ढाल करू नकोस. तुझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बोलीतल्या नाहीत, आळसातल्या आहेत.

आता पप्पांचं. त्यांना खोडू नकोस. मराठीत नुसत्या ललित लेखनावर घर चालवणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी आहेत, हे मी लपवणार नाही. पण त्यांना एवढं सांग, की २०२५ पासून एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. आता पर्याय रंगवून भागत नाही, उत्तरं लिहावी लागतात आणि निबंधाचीच पत्रिका २५० गुणांची आहे. दर आठवड्याला तीनशे शब्द लिहिणारी मुलगी तिथे कोरा पेपर देत नाही. शिवाय वर्तमानपत्रातलं उपसंपादन आहे, आकाशवाणीसाठी लेखन आहे, शासकीय अनुवादकाची पदं आहेत. पत्रकारितेचा अभ्यासक्रम बी.ए.नंतर करता येतो. त्याची घाई आत्ता नको, पदवी आधी नीट पूर्ण कर.

दोन महिन्यांनी त्या आठ-नऊ लेखांतला एक निवडून जिल्ह्याच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठव. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. नकारसुद्धा कळवत नाहीत. महिनाभर वाट बघून तोच लेख दुसरीकडे पाठवायचा आणि मधल्या काळात बाजाराचा वार चुकवायचा नाही.

आणि एक राहिलंच. एका येळवशीला आजीच्या डोक्यावरचा बिंदगा बांधावरच फुटला, एवढं लिहून तू पुढच्या परिच्छेदात भज्जीवर गेलीस. मग अंबिल कुठून आणलं? आजोबा काय म्हणाले? आजीला विचारून मला कळव.