काळं ते काळंच राहू दे

प्रश्न: छंद म्हणून मी घरातच ब्लॅक अँड व्हाइट लो-की फोटो, म्हणजे बहुतेक चौकट काळी आणि थोडासाच उजेड असलेले फोटो, काढून बघतेय. कॅमेरा साधा, त्याच्याबरोबर आलेली लेन्स, एक टेबल लॅम्प आणि खुर्चीमागे भिंतीवर टांगलेली काळी चादर एवढंच साहित्य आहे. खोली लहान आणि भिंती पांढऱ्या. काही फोटो राखाडी येतात, चादरीच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतात. ब्राइटनेस कमी केला की चेहराही मरतो. फ्लॅश घेऊ का?

उत्तर: फ्लॅश तूर्त राहू द्या. दुखणं कुठे आहे ते तुम्हीच सांगितलं आहे: चादर खुर्चीला चिकटून आहे आणि खोली पांढरी आहे.

आधी कॅमेऱ्याचं बघू. त्याचं उजेड मोजणारं मीटर असं धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरीत मधल्या राखाडी छटेचं आहे. तुमच्या चौकटीत बहुतेक सगळं काळं. मीटरला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि ते बिचारं इमानदारीनं एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, वाढवतं. मग चादर राखाडी होते आणि उजेडातला गाल पांढराफटक पडतो. म्हणून मॅन्युअल मोडवर या. निर्जीव वस्तू असेल तर आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) 100, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) एफ 8, कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि फक्त शटरचा वेग बदलत राहा. माणूस असेल तर स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या छोट्याशा ठिपक्याचाच उजेड मोजणं) लावून उजेडातल्या गालावरून एक्स्पोजर ठरवा. हिस्टोग्रामचा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणाऱ्या आलेखाचा, ढीग डावीकडे साचला तर साचू दे, लो-कीमध्ये तो तिथेच असतो. उजव्या कडेला मात्र तो आपटता कामा नये.

आता चादर. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दिवा चेहऱ्यापासून 40 सेंमीवर आणि चादर दिव्यापासून 80 सेंमीवर असेल तर चादरीवर चेहऱ्याच्या पाव हिस्सा उजेड पडतो, म्हणजे फक्त दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). सुरकुत्या दिसणारच! दिवा तिथेच ठेवून चादर दिव्यापासून 2 मीटरवर न्या. अंतर पाचपट, उजेड पंचविसावा हिस्सा, फरक साडेचार स्टॉपच्या वर. चादर काळी नसती तरी एवढ्यात बरीच बुडाली असती. खोली लहान आहे म्हणता, तर खुर्ची तिरकी लावा आणि मागे उघडं दार व पलीकडची अंधारी खोली येऊ द्या. माझ्या मते कोणत्याही कापडापेक्षा ती बरी.

पांढऱ्या भिंतींबद्दल माझी एक फजिती सांगतो. एका रात्री जुन्या पितळी कुलपाचा फोटो काढत बसलो होतो. उजव्या कडेवर उजेडाची बारीक रेघ सुरेख उमटली होती, पण डावीकडे, जिथं गडद काळं हवं होतं तिथं, दुधाळ डाग. दिवा सरकवला, एक्स्पोजर कमी केलं, कुलूप तीनदा पुसलं. डाग जागचा हलेना. तासाभरानं पाणी प्यायला उठलो, सहज वळून स्क्रीनकडे पाहिलं तर डाग गायब! परत बसलो, डाग हजर. तो माझा पांढरा बनियन होता. तेव्हापासून कॅमेऱ्याच्या बॅगेत एक काळा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट कायम असतो.

माझ्या बनियननं केलं तेच तुमच्या भिंती चारी बाजूंनी करतायत. सावलीच्या बाजूला, चौकटीच्या अगदी बाहेर, काळा कार्डशीट उभा करा. चेहऱ्याची ती बाजू लगेच खोल जाते. लॅम्पचा उजेड भिंतीवर सांडत असेल तर दिव्याच्या त्या बाजूलाही एक काळा कागद आडवा धरा, पण तापणाऱ्या बल्बला तो टेकू देऊ नका. आणि खोलीतला मोठा दिवा बंद करायचा. हे सांगायची गरज नसावी, पण मीच विसरतो.

उलट सगळंच बुडत असेल तर दिवा वाढवू नका, मागे न्या: वस्तूच्या किंचित पाठीमागे आणि बाजूला. चष्मा ठेवून बघा. काचा नाहीशा होतात, उरते ती फ्रेमची एक उजळ कडा आणि बिजागरीचा बारीक स्क्रू. तेवढ्यावरून डोळा बाकीचा चष्मा भरून काढतो.

राहिला ब्राइटनेस. तो सगळ्यालाच खाली ओढतो. त्याऐवजी एडिटिंगमधल्या कर्व्हचं, म्हणजे गडद-उजळ छटा ठरवणाऱ्या रेषेचं, फक्त खालचं, गडद टोक दाबा. अंधारात काढलेल्या फोटोच्या सावल्या नंतर वर खेचायच्या फंदात मात्र पडू नका, दाणेदार कचरा वर येतो.

प्रश्न: कॅमेऱ्यातच ब्लॅक अँड व्हाइट ठेवायचं की रंगीत काढून मग बदलायचं?

उत्तर: दोन्ही. कॅमेरा मोनोक्रोमवर (कृष्णधवलवर) ठेवून रॉ फाइल, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची फाइल, घ्या. स्क्रीनवर कृष्णधवल दिसतं, रॉमध्ये रंग शाबूत राहतात. नंतर लाल रंगाची पट्टी वाढवली की त्वचा उजळ आणि नितळ दिसते. हिरव्याला वजन दिलं की तीच त्वचा डागांसकट, गडद, रापलेली दिसते. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळ्यावर विसंबू नका, त्या उजेडात निळा मुळातच कमी असतो आणि तिथेच दाणे जास्त.

प्रश्न: वडिलांचा अर्ध्या उजेडातला फोटो काढला. घरचे विचारतात, 'दुसरा डोळा कुठं गेला?'

उत्तर: दिवा चेहऱ्याच्या बाजूला साधारण 45 अंशांवर आणि डोळ्यांपेक्षा वर न्या. मग नाकाची सावली गालाच्या सावलीला भिडते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या रेम्ब्राँटच्या चित्रांवरून या प्रकाशयोजनेला त्याचंच नाव मिळालं. त्रिकोण अंधारात बुडाला तर वडिलांना मान दिव्याकडे बोटभर वळवायला सांगा. दिवा हलवण्यापेक्षा ते लवकर होतं. दुसरा डोळाही सापडेल. तरीही घरचे कुरकुरलेच, तर एक फोटो खिडकीपाशी भरपूर उजेडात काढून त्यांना द्या. मी तसाच देतो, आणि भिंतीवर तोच लागतो.